गंजिफा : लहान पान मोठे कसे होते?



यंदा पावसाळ्यात एके दिवशी मधल्या सुट्टीत वर्गात डोकावले, तो मागच्या बाकावर चार मुले माना खाली घालून बसलेली दिसली. बाकावर रंगीत चित्रांची पाने पसरली होती. मला पाहताच ती दप्तरात जाऊ लागली. मी पाने मागून घेतली. परंतु रागावण्यापूर्वी हा खेळ तरी कसा आहे ते पाहावे, म्हणून मुलांनाच तो समजावून सांगावयास सांगितले. त्यांनी तो फार चांगला समजावला. शिक्षकाने विद्यार्थी व्हावे असे प्रसंग वारंवार येत नाहीत!

पोकेमॉन नावाच्या त्या पत्त्यांचा खेळ जपानमध्ये १९९६ साली निघाला. त्यातील पुष्कळ पानांवर एकेक काल्पनिक प्राणी असतो. आरंभी त्याचे लहान रूप मांडावयाचे. पुढे हातात त्याच प्राण्याच्या वाढलेल्या रूपाचे पान आले, की ते पहिल्या पानावर ठेवावयाचे. प्राणी मोठा झाला. काहींची वाढ अशी दोन पायऱ्यांनी होते. मात्र प्राणी ज्या पाळीस मांडला त्याच पाळीस त्याला वाढविता येत नाही. निदान एक पाळी थांबावे लागते. शिवाय लहानपणी झालेल्या जखमा मोठेपणीही अंगावर राहतात. झोप, विषबाधा असे विकार मात्र जातात. नियम विचारपूर्वक केलेले आहेत, यात शंका नाही.

"बाई, तुमच्या लहानपणी असा खेळ होता का?" एका मुलीने विचारले. मी म्हटले, "होता. त्यातही मासा होता, कासव होते, वराह होता, आणि त्यातही लहान पान मोठे होत असे. पण निराळ्या रीतीने." त्या रीतीविषयीच आज लिहावयाचे आहे.

आमचे मूळ गाव सावंतवाडीजवळचे आणि घरची बोली कोंकणी. आजोबांच्या फडताळात रंगविलेली एक लाकडी पेटी असे. तिच्यात गोल पानांची दशावतारी गंजिफा होती. गंजिफा हा शब्द इराणकडून आला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात सापडते. मोगली गंजिफेत आठ रंग आणि ९६ पाने असत. आपल्याकडे या खेळास विष्णूच्या दहा अवतारांचे रूप मिळाले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की हे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. म्हणजे एका रंगाची १२ व सर्व मिळून १२० पाने झाली. मत्स्याच्या सत्तीवर सात मासे आणि कूर्माच्या पंजीवर पाच कासवे काढलेली असतात.

खेळणारे तिघे. प्रत्येकास ४० पाने. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा त्याने आरंभ करावयाचा, आणि रात्री मांडला तर ज्याच्या हाती कृष्णाचा राजा त्याने. प्रांतोप्रांती बारीकसारीक नियम बदलतात. मी आमच्या घरची रीत सांगते. एकाने पान टाकावयाचे, बाकीच्या दोघांनी एकेक पान द्यावयाचे, आणि उतारीच्या रंगातील सर्वांत मोठ्या पानाने हात उचलावयाचा. बावन्न पानांच्या खेळात आपण एखादा रंग हुकूम म्हणून बोलतो व त्याची दुर्रीही दुसऱ्याच्या राजाला मारते. तसा हुकूम येथे नाही. प्रत्येक रंग आपल्या घरी राजा.

आता खरी गंमत पाहा. प्रत्येक रंगात राजा पहिला व प्रधान दुसरा. परंतु त्यानंतरचा क्रम सर्वत्र सारखा नसतो. पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी, मग नव्वी, असे उतरत एक्का सर्वांत शेवटी येतो. उरलेल्या पाच रंगांत प्रधानाखाली एक्का, मग दुर्री, असा क्रम लागून दश्शी तळाशी जाते. तेव्हा तिर्री लहान की मोठी, या प्रश्नाचे उत्तर ती कोणत्या रंगाची यावर अवलंबून आहे. पहिल्या प्रकारच्या रंगात तिर्रीच्या वर राजा, प्रधान आणि दश्शीपासून चव्वीपर्यंत सात, अशी नऊ पाने आहेत. दुसऱ्या प्रकारात तिच्या वर राजा, प्रधान, एक्का आणि दुर्री अशी चारच. नऊ आणि चार मिळून तेरा. हाच हिशेब सत्तीसाठी करून पाहा : पाच आणि आठ, पुन्हा तेराच! कोणताही आकडा घेतला तरी बेरीज तेराच का येते, हे गणिताच्या वहीत सिद्ध करून पाहावे.

आता पान वाढते कसे? समजा, दश्शी मोठी असलेल्या रंगाची सत्ती तुमच्या हाती आहे. तिच्या वर राजा, प्रधान, दश्शी, नव्वी व अठ्ठी ही पाच पाने. राजा खेळला गेला, की सत्ती एक पायरी चढली. प्रधान गेला, आणखी एक पायरी. पाचही गेली, की ती सत्ती हुकमी झाली. आता तिला मारणारे पान उरले नाही. त्या पाचांपैकी दोन तुमच्याच हाती असतील, तर बाहेरच्या तिनांचीच वाट पाहावयाची. सत्तीचे चित्र मात्र बदललेले नसते. पहिल्या हाताला तिच्यावर सात मासे होते आणि विसाव्या हातालाही सातच आहेत. तिचे मोठेपण पानावर लिहिलेले नाही. ते खेळणाऱ्याच्या ध्यानात आहे. ज्याने गेलेली पाने लक्षात ठेवली त्याच्यापाशी ती सत्ती राजाच्या तोलाची, आणि ज्याने ठेवली नाहीत त्याच्यापाशी ती केवळ सत्ती.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. मी नऊ-दहा वर्षांची असताना आजी स्वयंपाकघरात गेली आणि तिच्या जागी मला बसविण्यात आले. हाती एका रंगाची नव्वी होती. राजा, प्रधान, दश्शी तिन्ही गेली अशा समजुतीने मी ती ऐटीत उतरविली. दश्शी गेली होती ती दुसऱ्याच रंगाची! आजोबांनी शांतपणे खरी दश्शी टाकून हात उचलला, आणि आजीने जपून ठेवलेला डाव मी तीन हातांत घालविला. मला रडू आले. आजोबा रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "गेल्लें पान मतींत दवर." गेलेले पान मनात ठेव.

शतपथ ब्राह्मणात मनूची एक कथा आहे. हात धुताना त्याच्या हाती इवलासा मासा आला. मनूने त्याला घागरीत ठेवले. घागर अपुरी पडताच खड्ड्यात, आणि खड्डा अपुरा पडताच समुद्रात नेऊन सोडले. पुढे जलप्रलयात त्याच माशाने मनूची नौका ओढून नेली. मासा वाढला खरा. पण तो केव्हा केवढा झाला इकडे मनूचे लक्ष होते, म्हणूनच तो वाचला. गंजिफेतील लहान पानालाही असाच राखणदार लागतो.

खुद्द या खेळालाही असा राखणदार मिळाला, आणि त्या कथेत आपल्या बडोद्याचा वाटा आहे. छापील पत्ते स्वस्त झाले तशी हाताने रंगविलेली गंजिफा मागे पडली. १९७०च्या सुमारास सावंतवाडीत ही पाने करणारे जुने चितारी जवळजवळ उरले नव्हते. तेव्हा तेथील राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ही कला स्वतः शिकून घेतली व राजवाड्यातच कारागिरांना बसवून काम सुरू केले. सत्वशीलादेवी या बडोद्याच्या गायकवाड घराण्यातील कन्या. २०१८ साली त्या निवर्तल्या. परंतु सावंतवाडीच्या राजवाड्यात गेलात, तर पाने रंगविणारे हात आजही पाहावयास मिळतात.

पाने वाचली, खेळाचे काय? आज पुष्कळ लोक गंजिफा घेतात ती भेट देण्यासाठी अथवा भिंतीवर लावण्यासाठी. चौकटीत बसविलेली सत्ती कधीच हुकमी होत नाही. आजोबांची पेटी आता बडोद्यात माझ्या घरी आहे. आजोबा नाहीत, आजीही नाही. आईला आणि मला खेळ येतो. पण डावाला तिसरे माणूस लागते, आणि कित्येक वर्षे ते मिळत नव्हते. त्यामुळे पेटी बंदच राहिली.

त्या दिवशी मुलांची पाने मी परत केली. मात्र एक अट घातली. दर शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी अर्धा तास माझ्याकडून गंजिफा शिकावी. चौघांपैकी दोघे नियमाने येतात. पहिल्या शनिवारी त्यांना दोन प्रकारचे क्रमच लक्षात राहिनात. गेल्या शनिवारी त्यांतील धाकट्याने बराच वेळ दाबून ठेवलेली एक पंजी हळूच खाली टाकली आणि माझ्याकडे पाहिले. मी हातातील पाने चाळली. तिला मारणारे पान माझ्यापाशी नव्हते, दुसऱ्यापाशीही नव्हते. त्याने वरची सातही पाने मोजली होती.

पालकांना एक विनंती. आपल्या घरी जुन्या पेटीत गंजिफा असेल तर ती खाली काढावी, आणि घरातील वडीलधाऱ्यांना खेळाची रीत आठवत असेल तर ती मुलांकडून वहीत उतरवून घ्यावी. एखादे पान हरवले असले तरी चालेल. पुठ्ठ्याचे गोल पान कापून त्यावर मासे काढता येतात. रीत सांगणारे माणूस मात्र पुठ्ठ्याचे करता येत नाही.