उचलून नेता येणारे बाहुलीचे घर

भातुकलीची बोळकी फडक्यात बांधून मामाच्या गावाला नेता येतात. बाहुलीचे घर मात्र बहुधा मागेच राहते; ते फार मोठे तरी असते, नाही तर फार जड. इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजवाड्यात राणी मेरीचे एक प्रसिद्ध बाहुलीघर आहे. वास्तुशिल्पी एडविन लट्यन्स यांनी रचलेले हे घर १९२४ साली पुरे झाले. त्यातले सारे काही खऱ्याच्या एक बारांश आहे. नळ आणि विजेचे दिवेसुद्धा चालतील असे बसवलेले आहेत. पण ते पाहण्याचे घर. आपल्याला हवे आहे ते निराळे : तुमच्या सहा वर्षांच्या धाकट्या बहिणीला किंवा भावाला एका हाताने उचलून नेता येईल असे. दर वेळी मोठ्या माणसाला हाक मारावी लागली, तर ते खेळणे मुलाचे राहत नाही.

म्हणून आपण उलट दिशेने निघू. आधी वजन ठरवू, मग घर.

वजनाचे अंदाजपत्रक

शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या एक दशांशाहून जास्त नसावे, असे २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात म्हटले आहे. वीस किलोग्रॅम वजनाच्या मुलासाठी ही मर्यादा दोन किलोग्रॅम झाली. पण दप्तर दोन्ही खांद्यांवर असते आणि आपले घर एका हातात. तेव्हा निम्मे, म्हणजे एक किलोग्रॅम धरू. त्याची वाटणी अशी : भिंती व तक्तपोशी ६५० ग्रॅम, कापड, कागद, पट्ट्या १०० ग्रॅम, दिवे व सेल १०० ग्रॅम, सामान १०० ग्रॅम. एकूण ९५० ग्रॅम.

प्रमाण कोणते घ्यावे?

आपण १:१५ हे प्रमाण घेऊ. त्याने मापे सोपी येतात :

खोलीची उंची – प्रत्यक्ष ३०० सें.मी., आपली २० सें.मी.
दाराची उंची – २१० सें.मी., १४ सें.मी.
पलंगाची लांबी – १८० सें.मी., १२ सें.मी.
बाहुली – १५० सें.मी., १० सें.मी.
टेबलाची उंची – ७५ सें.मी., ५ सें.मी.
खुर्चीची बैठक – ४५ सें.मी., ३ सें.मी.

घराचे दोन सारखे भाग करावयाचे. प्रत्येक भाग म्हणजे समोरून उघडी अशी दुमजली पेटी : उंची ४०, रुंदी ३० आणि खोली १२ सें.मी. हे दोन भाग पुस्तकासारखे मिटले की पेटी होते, उघडले की चार खोल्यांचे घर.

आता पुठ्ठा किती लागेल? एका भागाची पाठ ४० × ३० = १२०० चौ.सें.मी. दोन बाजू मिळून ९६०. छत, मधला मजला व तळ मिळून १०८०. बेरीज ३२४०, आणि दोन्ही भागांची ६४८० चौ.सें.मी. चार मिलिमीटर जाडीचे प्लायवुड वापरले (घनता सुमारे ०.६ ग्रॅम प्रति घन सें.मी.), तर वजन दीड किलोग्रॅमवर जाते. ते बाद! खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याचे दोन थर एकमेकांवर चिकटवा आणि त्यातून २० सें.मी. बाजूचा चौरस कापून तोला. समजा तो ४० ग्रॅम भरला. म्हणजे एका चौ.सें.मी.ला ०.१ ग्रॅम. साऱ्या घराचे झाले ६४८ ग्रॅम. हिशेबात बसले!

हेच घर १:१२ प्रमाणाने केले असते तर? प्रत्येक लांबी सव्वापट झाली असती, पण पुठ्ठ्याचे क्षेत्रफळ सव्वाच्या वर्गाइतके, म्हणजे दीडपटीहून जास्त झाले असते. नुसता सांगाडाच एक किलोग्रॅमच्या वर गेला असता.

काडीच्या पायाची खुर्ची मोडत का नाही?

खऱ्या लाकडी खुर्चीचे वजन ३३७५ ग्रॅम आहे असे समजा. तिची लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी पंधराव्या हिश्श्यावर आणली, की घनफळ १५ × १५ × १५ = ३३७५ पटींनी कमी होते. त्याच लाकडाची बाहुलीची खुर्ची अवघी एक ग्रॅम भरेल! तिच्या पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र १५ × १५ = २२५ पटींनीच कमी होते. वजन ३३७५ पट कमी, ते पेलणारे क्षेत्र २२५ पट कमी. म्हणून पायावरचा दाब पंधरा पटींनी उतरतो. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात हाच विचार उलट बाजूने मांडला : प्राणी मोठा होत गेला तर त्याची हाडे प्रमाणाबाहेर जाड व्हावी लागतील.

पण सगळ्याच गोष्टी अशा गुणाने लहान होत नाहीत. पडद्याचे कापड घ्या. घर लहान झाले म्हणून कापडाची जाडी काही घटत नाही. छोटा पडदा स्वतःच्या वजनाने खाली लोंबत नाही, ताठ उभा राहतो. यासाठी जुन्या मलमलीचा तुकडा वापरा आणि खालच्या काठात एक बारीक तार शिवा.

बांधणी

पन्हळी पुठ्ठ्याची एक पट्टी पन्हळीच्या दिशेने कापा, दुसरी पन्हळींना आडवी. दोन्ही वाकवून पाहा. कोणती लवकर दुमडते? पुठ्ठा वाकताना एका बाजूचा कागद ताणला जातो, दुसऱ्या बाजूचा दाबला जातो. मधली पन्हळ या दोन कागदांना दूर धरते. त्यातच त्याचे बळ आहे. म्हणून दोन थर चिकटवताना एकाच्या पन्हळी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या ठेवा. रात्रभर वह्या-पुस्तकांच्या वजनाखाली वाळू द्या.

बिजागरीऐवजी दोन भागांच्या उभ्या कडांवर आठ सें.मी. रुंदीची जाड कापडाची पट्टी चिकटवा. समोरच्या कडेला एक टिचबटण लावा. चिकटवण्यास पांढरा गोंद किंवा घरची खळ चालेल. बांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने खेळण्यात मुळीच घालू नये.

मूठ आणि गुरुत्वमध्य

नुसत्या छताला मूठ लावली तर सारा भार छताच्या चिकटवलेल्या कडांवर येईल. त्याऐवजी प्रत्येक भागाला सुमारे दीड मीटर सुती पट्टी तळाखालून, दोन्ही बाजूंनी वर घ्या आणि छताच्या वर फास ठेवा. भार तळाने पेलला जाईल. दोन्ही फास एका हातात धरले की दोन्ही भाग वरून आपोआप एकमेकांकडे ओढले जातात.

टांगलेल्या वस्तूचा गुरुत्वमध्य आधाराच्या बरोबर खाली येतो. समजा, सेल व सामान मिळून २०० ग्रॅम मध्यापासून १२ सें.मी. दूर, एकाच बाजूला ठेवले. सगळ्या घराचा गुरुत्वमध्य २०० × १२ ÷ ९५०, म्हणजे सुमारे अडीच सें.मी. सरकेल. तो हातापासून ३५ सें.मी. खाली असेल, तर घर सुमारे चार अंशांनी कलेल. तळाची एक कड दुसरीपेक्षा दोन सें.मी. वर जाईल आणि पलंग घसरू लागेल! म्हणून जड सामान दोन्ही बाजूंना वाटून द्या, सेल तळमजल्यावर मध्यभागी उघड्या कडेजवळ बसवा, आणि सामानावर रबरी पट्टी ताणा.

दिवे

दीड व्होल्टचे तीन सेल एकापुढे एक जोडले की साडेचार व्होल्ट मिळतात. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात. उरलेले दीड व्होल्ट रोधकाने घ्यावयाचे. धारा १० मिलिअँपिअर ठेवायची तर रोध = १.५ ÷ ०.०१ = १५० ओहम. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रोधक व खटका देऊन चारही दिवे समांतर जोडा. एक विझवला तरी बाकीचे चालू राहतील. बिजागरीवरून जाणारी तार थोडी सैल ठेवा.

घरातील विजेच्या प्लगशी या दिव्यांचा संबंध येता कामा नये. बटणासारखे चपटे सेलही वापरू नका. मुलाने गिळले तर काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होते. सेलच्या पेटीचे झाकण स्क्रूने बंद करा. तीन वर्षांखालील भावंड घरात असेल, तर सुमारे ३२ मि.मी. व्यासाच्या नळकांड्यात मावणारी सुटी वस्तू त्याच्या हाती पडू नये. आपल्या प्रमाणाने नऊ सें.मी.चा पेला सहा मिलिमीटरचा होतो. तेव्हा पेले टेबलालाच पक्के चिकटवा.

विचार करा

१. चारही दिवे एकसरीत जोडले तर का लागणार नाहीत?
२. ५४ किलोग्रॅमचे लाकडी कपाट १:१५ प्रमाणात किती ग्रॅमचे होईल?
३. दोन्ही फास कापडी बिजागरीच्या बाजूला सरकवले तर घर कोणत्या दिशेने कलेल?

उत्तरे काढा, पण घरही बांधा. ते तयार झाले की धाकट्या भावंडाच्या हाती द्या आणि आपण दोन पावले मागे उभे राहा. त्याने ते न धडपडता दारापर्यंत नेले, तर तुमचे गणित बरोबर आले असे समजा!