तद्विद्यसंभाषा आणि आमची बैठक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार वर्णिले आहेत. पहिल्या प्रकारात समोरच्यास निरुत्तर केले तरी हर्ष मानू नये, असा स्पष्ट निर्देश आहे. गोसीखुर्द परिसरातील आमच्या अनौपचारिक बैठकीत आम्हांस त्याचा विसर पडला. एका वैद्यबंधूंचे निदान आम्ही औषधविक्रेत्यांसमक्ष खोडून काढले. निदान चुकलेलेच होते. तथापि ते पुन्हा आले नाहीत आणि काही महिन्यांत बैठकच थांबली. येथे ही हानी लहान नव्हे. १९८८ साली पायाभरणी झालेल्या वैनगंगेवरील धरणामुळे गावे उठली, रुग्ण विखुरले. पूर्वी कोणी काय औषध दिले, हे परस्परांस विचारल्यावाचून कळत नाही.

अखेर आम्ही त्यांच्या घरी गेलो. आता प्रत्येकाने प्रथम स्वतःचा फसलेला उपचार मांडावा, रुग्णाचे नाव घेऊ नये, असे ठरले आहे. वर्गणी नाही, पदाधिकारी नाहीत. ज्याच्या घरी बैठक, त्याचा चहा. मागील खेपेस एका औषधविक्रेत्यांनी अशोकाची साल आणली. रस्त्याकडेचा उंच, सरळ ‘अशोक’ निराळा व औषधी अशोक निराळा. बाजारात मात्र पहिल्याची साल दुसऱ्याच्या नावे खपते. पुडी हातोहात फिरली, तेव्हा आमच्याच दवाखान्यातील सालीविषयी आम्हांस खात्री देता आली नाही. ते वैद्यबंधू समोरच बसले होते. त्यांनी हसण्याचे टाळले.