टक् वाजला म्हणून हीटर रिले चांगला नसतो

थंडीच्या दिवसांत बैहरच्या पठारावर छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, पहाटे उठत नाही आणि दुपारी एका सेल्फमध्ये सुरू होतो. सुरू झाला तरी थोडा वेळ पांढरा धूर सोडत धडधडतो. अशी लक्षणं दिसली की संशय हीटर प्लगांवर आणि त्यांना करंट देणाऱ्या रिलेवर घ्यावा. ही गाडी २००५ साली आली. तिच्या ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनाला थंडीत हे प्लग लागतातच. मलाजखंडकडे धावणाऱ्या २४ व्होल्टच्या मोठ्या ट्रकांची गोष्ट वेगळी, त्यांतल्या बऱ्याच इंजिनांना हीटर प्लगच नसतात.

तपासणी पहाटे, इंजिन गार असतानाच करा. गरम इंजिनावर काही गाड्या हीटर चालूच करत नाहीत. गियर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हातात अंगठी-कडं नको.

आधी बॅटरी बघा. १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर ती चार्ज करा, तोवर पुढचं माप विश्वासाचं नाही.

आता मल्टिमीटरची काळी पिन इंजिनाच्या अर्थला आणि तांबडी प्लगांना जोडणाऱ्या पट्टीवर लावा. जोडीदाराला किल्ली फिरवायला सांगा, सेल्फ मारायचा नाही. काही सेकंद ११ व्होल्टच्या आसपास आले तर रिले काम करतो आहे, प्लग तपासा. काहीच आलं नाही किंवा बरेच कमी आले तर रिलेकडे वळा. डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा लागला यावर जाऊ नका, तो लागूनही प्लग गार राहू शकतात.

बऱ्याच रिलेंवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. ३० वर किल्ली बंद असतानाही १२ व्होल्ट हवेत. नसतील तर फ्यूज उडालेला किंवा थिंबल गंजलेलं असतं. किल्ली फिरवल्यावर ८५ आणि ८६ यांच्यामध्ये १२ व्होल्ट आले नाहीत, तर रिलेचा दोष नाही; टायमर, किल्लीचा स्विच किंवा वायर बघा. तिथे व्होल्ट येऊनही रिले वाजत नसेल, तर त्याची कॉइल गेली.

खरा घोटाळा वाजणाऱ्या रिलेत असतो. टक् आवाज कॉइलचा. करंट जातो तो आतल्या कॉन्टॅक्टमधून, आणि ते काळे पडले तरी आवाज तसाच येतो. प्लग सुटे करून मोजलं तर अशा रिलेतूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. म्हणून प्लग जोडलेले ठेवा, हीटर चालू असताना एक पिन ३० वर आणि दुसरी ८७ वर लावा. फरक ०.३ व्होल्टच्या आत हवा. एक-दोन व्होल्ट दिसले तर रिले बदला.

उलटाही दोष असतो. किल्ली काढल्यावरही पट्टीवर व्होल्ट राहिले, तर कॉन्टॅक्ट चिकटले आहेत. ताबडतोब बॅटरीची वायर काढा, नाहीतर प्लग जळतील आणि बॅटरी उतरेल.

नवा रिले बसवण्याआधी पट्टी काढून प्रत्येक प्लगचा रेझिस्टन्स मोजा. गार प्लग साधारण एक ओहमच्या आसपास असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग तुटलेला, आणि शॉर्ट असेल तर तो नवा रिलेही खाईल. रिले जुन्याइतक्याच अँपिअरचा घ्या.

आणि हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे कधीही मारू नका. तापलेल्या प्लगवर तो भडकतो.