रमजानचे दान : जकात आणि फितरा

गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी 'आमचा सण' हा विषय दिला. मी रमजान घेतला. रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत खायचे-प्यायचे नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण या महिन्यात दानही करतात. त्याचा हिशोब मला दादीने शिकवला.

जकात हे इस्लामच्या पाच मुख्य कर्तव्यांपैकी एक आहे. सोने, चांदी, रोकड किंवा व्यापाराचा माल ठरलेल्या मापाइतका असेल (सोन्याचे माप सुमारे साडेसात तोळे) आणि त्याला चांद्र वर्ष पुरे झाले असेल, तर त्याचा 40 वा भाग द्यायचा. म्हणजे शेकडा अडीच रुपये, हजाराला 25. राहते घर, कपडे, कामाची हत्यारे मोजत नाहीत. जकात गरिबांना, कर्जात बुडालेल्यांना, वाटेत अडकलेल्या प्रवाशांनाही देतात. गरीब आईबापांना मात्र जकात देता येत नाही. त्यांना सांभाळणे हे आपले कामच आहे.

आमच्याकडे तेवढी शिल्लक नाही. अब्बा मच्छीमार लाँचवर खलाशी आहेत. पण फितरा आम्ही देतो. ईदच्या दिवसाचे भागून ज्याच्या घरी काही उरते, त्याने माणशी सुमारे अडीच किलो धान्य द्यायचे. आम्ही कोकणातले, म्हणून तांदूळ देतो. घरात माणसे 6, म्हणून तांदूळ 15 किलो. माझी बहीण 5 महिन्यांची आहे. ती रोजा धरत नाही, तरी तिचाही फितरा असतो. तो ईदच्या नमाजाआधी पोचवायचा, म्हणजे त्या घरीही सण होतो.

गेल्या वर्षी अब्बा पाय मोडून घरी बसले होते. चांदरातीला कोणीतरी आमच्या दारात तांदळाचे पोते ठेवून गेले. मला रडूच आले. दादी म्हणाली, "अरे, हा आपला हक्क आहे. लाज कसली त्यात?" मग तिने तराजू मागून आणला आणि त्याच पोत्यातून आमच्या 5 जणांचे साडेबारा किलो बाजूला काढले. मी म्हणालो, "आपल्यालाच मिळालेत, मग आपण कशाला द्यायचे?" ती म्हणाली, "ईदपुरते ठेवून उरतात ना? मग आपल्यालाही द्यायचे आहेत."

यंदा चांदरातीला मी अब्बांबरोबर गेलो. पिशवी दारात ठेवली आणि मागे न बघता परत आलो. ते घर कोणाचे, हे मी दोस्तालासुद्धा सांगितले नाही. हा लेख लिहू का, असे दादीला विचारले. ती म्हणाली, "आपले खुशाल लिही. दुसऱ्याचे लिहू नको."

आमच्या दारात पोते कोणी ठेवले, हे मला अजून ठाऊक नाही. म्हणून वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला मी सलाम करतो. त्यांच्यातलेच कोणी असेल.

— एक विद्यार्थी, इयत्ता 4 थी