तुकड्यातुकड्यांचा गावनकाशा एकसंध होताना

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे बालाघाटाच्या पठारावरील गाव. डोंगराळ मुलखातील अशा गावाची शीव लांबवर पसरलेली असते आणि तिचा हाती काढलेला नकाशा एका कागदावर मावतोच असे नाही. हे कागद स्कॅन करून संगणकावर एकत्र जोडणे म्हणजे कडेला कड चिकटवणे, असा समज सर्वत्र आढळतो. तो शेतकऱ्याला महागात पडू शकतो.

या नकाशांचे मूळ मुंबई इलाख्याच्या मोजणी पद्धतीत आहे. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसविली, तिच्याच धर्तीवर पुढे निजामाच्या राज्यातील मराठवाड्यातही मोजणी झाली. साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. प्रत्येक शेताची मापे टिपणात लिहीत व त्यावरून नकाशा काढीत. म्हणजे मूळ पुरावा आकड्यांचा, चित्र त्यानंतरचे. जोडणी करताना हा क्रम विसरून चालत नाही.

एक इंचास २० साखळ्या या प्रमाणाचा नकाशा घेतला, तर एक इंच म्हणजे ६६० फूट आणि एक मिलिमीटर म्हणजे सुमारे २६ फूट. अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघच १३ फूट जमीन झाकते. इतका रुंद बांध कोणत्याही शिवारात सापडावयाचा नाही! त्यात कागद दमटपणाने फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, घडीवर फाटतो. वीस इंचांचा कागद शेकडा एक इतका जरी आकसला, तरी त्याच्या लांबीत १३२ फुटांचा फरक पडतो. लांबी व रुंदी दोन्हींकडून आकसलेल्या कागदावर मोजलेले एक एकराचे क्षेत्र सुमारे ८६७ चौरस फुटांनी, म्हणजे पाऊण गुंठ्याहून अधिक, कमी भरते. शेजारचा कागद निराळ्या प्रमाणात आकसलेला असतो. अशा दोन कागदांच्या कडा ओढूनताणून जुळविल्या, की कडेवरच्या शेताचा आकारच बदलतो. रस्ता किंवा तलावासाठी भूसंपादन करताना मोबदल्याचा हिशेब येथेच चुकू लागतो.

म्हणून प्रत्येक कागद आधी स्वतंत्रपणे जमिनीवर बसवावा लागतो. जुने हद्दीचे दगड, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, जुनी बांधीव विहीर, अशा न हललेल्या खुणांचे अक्षांश-रेखांश उपग्रहाधारित यंत्राने घेतात व नकाशावरील त्याच खुणांशी जुळवितात. ओढ्याचा काठ यासाठी निरुपयोगी. तो दर पावसाळ्यात सरकतो. साध्या गणितास तीन बिंदू पुरतात, परंतु चूक कळावयाची तर अधिक हवेत आणि ते चारी कोपऱ्यांकडे विखुरलेले हवेत. एका ओळीतील दहा बिंदूंपेक्षा पसरलेले पाच बिंदू केव्हाही बरे. सर्व कागद असे बसल्यावर कडा आपोआप जवळ येतात. तरीही जी फट किंवा जे आच्छादन उरते, ते संगणकाने परस्पर पुसू नये. टिपणातील मापे व सेतवारातील क्षेत्र पाहून, आवश्यक तेथे प्रत्यक्ष मोजणी करूनच त्याचा निर्णय व्हावा.

मराठवाड्यात आणखी एक अडचण आहे. जुन्या अभिलेखांत उर्दू व मोडी लिपीतील नोंदी आढळतात. आणि एकत्रीकरण योजना जेथे लागू झाली तेथे सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. एक कागद सर्व्हेचा व दुसरा गटाचा असा जोड लागला, तर रेषा जुळूनही अर्थ जुळत नाही.

या कामी पंचायत सदस्यांचे सहकार्य मोलाचे ठरते. नांगरटीत गाडला गेलेला दगड कोणत्या बांधाखाली आहे, हे गावातील वृद्धांस ठाऊक असते. शिवेवरील खुणा तपासताना शेजारच्या गावच्या प्रतिनिधींनाही बोलवावे, कारण त्याच रेषेवर त्यांचाही नकाशा जोडला जावयाचा असतो. संगणकावरील नव्या चित्राने कोणाचीही हद्द बदलत नाही. वाद उद्भवल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये भूमी अभिलेख खात्याची मोजणीच पाहिली जाते. त्या मोजणीसाठी मूळ टिपणे लागतात. तेव्हा स्कॅनिंग झाले म्हणून जुने कागद अडगळीत टाकणाऱ्या कार्यालयांनी ते कोरड्या जागी, घडी न घालता, सपाट ठेवावेत.