हृद्द्रव : वारंवार वाढणारी हृदयगती व चिकित्सकाची दक्षता

'छातीत धडधडते' ही तक्रार घेऊन येणारा प्रौढ रुग्ण मीरा-भाईंदरमधील प्रत्येक चिकित्सालयास परिचित आहे. सकाळची लोकल गाठताना, जिना चढताना किंवा रात्री अंथरुणावर पडल्यावर वेग येतो, आणि रुग्ण वैद्यापुढे बसेपर्यंत नाडी पूर्ववत झालेली असते. अशा वेळी 'वातप्रकोप' एवढेच निदान करून हृद्य औषध देण्याचा मोह होतो. परंतु हृद्द्रव हे लक्षण आहे. कारण शोधल्याशिवाय त्याची चिकित्सा होत नाही.

शास्त्रविचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय १७) रसक्षयामध्ये अल्प श्रमानेही हृदय धडधडते असे वर्णन आहे. चिकित्सास्थानात (अध्याय १६) हृदयस्पंदन हे पांडुरोगाचे पूर्वरूप म्हणून येते. काम व क्रोध यांमुळे नाडी वेगवती होते, असे शार्ङ्गधर सांगतात. म्हणजेच एकाच लक्षणामागे भिन्न कारणे असतात, हे आपल्या आचार्यांना मान्यच होते.

परीक्षण

विश्रांत अवस्थेत प्रौढाची हृदयगती मिनिटास ६० ते १०० असते. नाडी पूर्ण १ मिनिट मोजावी. रुग्णास वेगाच्या वेळचा ताल बोटांनी टेबलावर वाजवून दाखवण्यास सांगावे. त्यातून पुष्कळ उलगडा होतो.

१) गती हळूहळू वाढून हळूहळू उतरत असल्यास ज्वर, पांडू, जलक्षय, चिंता, थायरॉइडची अतिक्रियता यांचा विचार करावा.
२) वेग एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबतो, ताल नियमित आणि गती बहुधा १५० च्या पुढे असल्यास सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाची शंका घ्यावी. हे रुग्ण अनेकदा केवळ 'घाबरट' ठरवले जातात.
३) ताल पूर्णतः अनियमित असल्यास एट्रियल फिब्रिलेशन असू शकते. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो.

दोन वेगांच्या मधल्या काळातील निर्दोष ईसीजीवरून निश्चिंत होऊ नये. निर्णायक ठरतो तो वेग चालू असतानाचा ईसीजी. वेग रोज येत असल्यास २४ तासांची होल्टर तपासणी उपयुक्त ठरते. हिमोग्लोबिन, टीएसएच, रक्तशर्करा व पोटॅशियम यांची तपासणी करून घ्यावी.

औषधजन्य कारणे

रुग्ण घेत असलेली सर्व औषधे समोर ठेवून पाहावीत. चहा-कॉफीचा अतिरेक, दम्याचा साल्ब्युटामॉल पंप, सर्दीच्या काही गोळ्या व थायरॉइडच्या गोळीची अधिक मात्रा यांनी गती वाढते. तशीच आपली औषधेही पाहावीत. इफेड्रा वर्गातील सोम वनस्पतीत इफेड्रिन असते. यष्टिमधु अधिक मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास पोटॅशियम घटते. धडधडीस चिंता समजून आपण अश्वगंधा देतो. पण तिच्या सेवनानंतर थायरॉइडची संप्रेरके वाढल्याचे रुग्णवृत्तांत प्रसिद्ध झालेले आहेत. म्हणून टीएसएच आधी पाहावे.

वत्सनाभाची विषबाधा झाल्यास ओठ व जिभेला बधिरता, वांती आणि हृदयाच्या तालात प्राणघातक बिघाड संभवतो. वत्सनाभ औषध नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये आहे. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव यांसारखे कल्प वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावेत, अशी सूचना वेष्टनावर बंधनकारक आहे. औषधविक्रेत्या बंधूंनी हे कल्प चिठ्ठीविना देऊ नयेत.

गती कमी करणाऱ्या औषधांबाबतही हीच दक्षता हवी. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला व तिच्याकडे जगाचे लक्ष वेधले. सर्पगंधेने नाडी मंदावते. म्हणून बीटा-ब्लॉकर किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यास ती देणे धोक्याचे आहे, आणि मूळ कारण तसेच राहते ते वेगळेच.

चिकित्सा व मर्यादा

पांडूत लोहकल्प, रसक्षयात तर्पण व विश्रांती, मानस कारणात सत्त्वावजय, निद्रा व प्राणायाम अशी हेतुनुसार योजना करावी. अर्जुनक्षीरपाक हृद्य आहे. परंतु चालू असलेला तीव्र वेग थांबवण्यासाठी त्यावर विसंबू नये. हृद्रोगतज्ज्ञांनी दिलेली रक्त पातळ ठेवणारी गोळी आपण परस्पर बंद करू नये.

वेगासोबत मूर्च्छा, छातीत वेदना, श्वासकष्ट, अथवा कुटुंबात तरुण वयात आकस्मिक मृत्यूचा इतिहास असल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात धाडावे; वेग चालू असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्ण वेळेवर योग्य स्थळी पोहोचवणे हाही चिकित्सेचाच भाग होय. त्यात वैद्याच्या प्रतिष्ठेस कोणताही उणेपणा येत नाही.