दिलेल्या शब्दांतून बालकविता होते का?

प्रश्न : सटाण्यातले आम्ही काही शिक्षक आणि पालक मिळून दर महिन्याला एक खेळ खेळतो. पाच शब्द ठरवायचे आणि ते सगळे घेऊन प्रत्येकाने लहान मुलांसाठी एक कविता लिहायची. बक्षीस नाही, नुसती मैत्रीतली स्पर्धा. परवा एक ज्येष्ठ कवी म्हणाले, 'ही जुळवाजुळव झाली. कविता आतून यावी लागते.' आम्ही जरा हिरमुसलो. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? आणि शब्द निवडावेत तरी कसे?
– एक शिक्षिका, सटाणा

उत्तर : हिरमुसू नका, खेळ चालू ठेवा. त्या कवींच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, त्याकडे मी येतोच. पण बाहेरून शब्द आला म्हणून कविता खोटी ठरत असेल, तर आपल्या आज्या-पणज्यांचे उखाणेही खोटे ठरवावे लागतील. उखाण्यात नवऱ्याचे नाव आधीच ठरलेले असते. ते बदलता येत नाही, टाळता येत नाही आणि समोर सगळे वऱ्हाड कान टवकारून बसलेले असते. शाळेची पायरीही न चढलेल्या बायकांनी या अटीतून अशा काही ओळी काढल्या, की त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या.

पंडितांच्या घरीही हीच रीत होती. चौसष्ट कलांच्या यादीत 'काव्यसमस्यापूरण' ही एक कला आहे : दुसऱ्याने दिलेला तुकडा घेऊन श्लोक पुरा करायचा. 'भोजप्रबंधा'च्या परंपरेतली एक आख्यायिका तर तुमच्या मंडळींनी मुलांना आवर्जून सांगावी. भोजराजाने समस्या म्हणून नुसते 'ठ' आणि 'ठं' एकापुढे एक मांडले, अर्थ शून्य. कालिदासाने ऐकले आणि श्लोकात एका तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटवला. घडा जिन्यावरून गडगडत खाली गेला, त्याचा जो आवाज झाला तोच हा 'ठठं'! (कालिदास आणि भोज यांच्या काळांचा मेळ बसत नाही, म्हणून ही गोष्टच समजायची.) माझ्या मते बालकवितेचे सगळे मर्म इथे आहे. कवीने दिलेल्या अक्षरांचे स्पष्टीकरण दिले नाही, त्यांच्यातून एक घटना घडवली.

परदेशातले उदाहरण हवे असेल तर अमेरिकेतले डॉ. स्यूस. पहिलीच्या मुलांना वाचता येतील अशा शब्दांची यादी त्यांना देण्यात आली आणि तिच्या आधाराने त्यांनी १९५७ मध्ये 'द कॅट इन द हॅट' लिहिले. त्यात वेगवेगळे शब्द आहेत फक्त २३६. मग प्रकाशक बेनेट सर्फ यांनी पन्नास डॉलरची पैज लावली, की पन्नासच शब्दांत पुस्तक करून दाखवा. त्यातून १९६० मध्ये 'ग्रीन एग्ज अँड हॅम' आले.

अटीचा फायदा होतो तो असा. मोठी माणसे मुलांसाठी लिहायला बसली, की पेनातून आधी उपदेश उतरतो. लवकर उठा, झाडे लावा, खरे बोला. विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग' या उपदेश न करणाऱ्या बालकवितासंग्रहाला साठ वर्षे उलटली, तरी आपल्यातले पुष्कळजण अजून त्या बागेच्या फाटकाबाहेरच उभे आहेत. पण हाती 'कुलूप', 'शिंक' आणि 'डाळिंब' असे शब्द पडले, की उपदेशाची गाडी पुढे जातच नाही. शिंकेतून कसला बोध काढणार? मी जुळवून पाहिले :

डाळिंबाच्या घराला ग
लाल कुलूप लावले,
चावी हरवली तेव्हा
दाणे आत रागावले.

एक दाणा शिंकला नि
कुलूप की उघडले!
घरभर पळापळ,
किती दाणे सापडले?

ही काही थोर कविता नव्हे. पण तिन्ही शब्द घेऊन बसलो नसतो, तर डाळिंबाला कुलूप असते हे मला सुचले नसते.

आता त्या ज्येष्ठ कवींचे तथ्य. दिलेले शब्द पुष्कळदा नुसती हजेरी लावून जातात. बागेत फूल, फुलावर पाखरू, पाखराला ऊन, उन्हात नदी : पाचही शब्द आले, घडले काहीच नाही. तपासायचे सोपे आहे. दिलेला शब्द काढून त्या जागी दुसरा घाला. कविता जशीच्या तशी उभी राहिली, तर त्या शब्दाला तिथे काम नव्हते. वरच्या ओळींतून शिंक काढली तर कुलूप उघडत नाही.

म्हणून निवड महत्त्वाची. इटालियन बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांनी १९७३ च्या 'ग्रामातिका देल्ला फांताझिया' या पुस्तकात सांगितले आहे, की दोन शब्द एकमेकांपासून पुरेसे लांबचे हवेत. त्यांचे उदाहरण कुत्रा आणि कपाट. कुत्रा कपाटात आहे, की कपाट पाठीवर घेऊन निघाला आहे? तिथेच गोष्ट सुरू होते. फूल आणि पाखरू आधीच शेजारी राहतात, त्यांच्यात नवे काय घडणार? 'संस्कार', 'पर्यावरण', 'देशप्रेम' हे शब्द तर यादीत घेऊच नका. हातात धरता येईल, ऐकू येईल, वास येईल असे शब्द घ्या. तुमच्या बागलाणात त्यांना काय तोटा? कांद्याची चाळ, ठिबकची नळी, द्राक्षाचा क्रेट, लिलावातली हाळी, यशवंतराव महाराजांच्या यात्रेतला पाळणा, साल्हेरवरचे ढग. साल्हेर महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, त्याला आणि ठिबकच्या नळीला एका कवितेत आणून तर पाहा.

यादीतला एक शब्द अहिराणी ठेवा, हा माझा आग्रहच समजा. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो : शाळा ती शाया, काळा तो काया. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला 'शाया' आणि 'माया' यांचे यमक आपसूक सापडते. प्रमाण मराठीच्या कवीला ते मिळतच नाही. वर्गात जी बोली दबून बोलली जाते, ती इथे त्या मुलाला एक यमक जास्त देते.

नियम थोडेच ठेवा. विभक्तीची रूपे चालू द्यावीत ('डाळिंबाच्या' चालावे, नाहीतर मराठीत वाक्यच व्हायचे नाही). पाच शब्द लहान कवितेला जड होतात, तीन पुरेत. परीक्षक मात्र मोठे नकोत. कविता दुसरी-तिसरीच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, कवीचे नाव न सांगता. दोन दिवसांनी विचारा, कुठली ओळ आठवते. आणि पुढच्या महिन्यापासून शब्दच मुलांकडून मागवा, चिठ्ठ्या टाकून. मोठ्यांना सुचणार नाहीत असे शब्द ती देतील, आणि मग ज्येष्ठ कवींनाही एक चिठ्ठी उचलायला बोलवा.